बळेच कोण ओढतं? (अध्याय ३, श्लोक ३६ ते ४०)



आज तिसऱ्या अध्यायातला ३६ वा श्लोक. अर्जुन विचारतो, मनात नसतानाही, कुणी जबरदस्तीने जुंपल्यासारखा माणूस पाप करतो, ते कुणाच्या प्रेरणेने? पुढच्याच श्लोकात उत्तर येतं: रजोगुणातून उपजणारे काम आणि क्रोध. इथवर आपण सगळे माना डोलावतो. पण हाच काम एखाद्या गोळीतून आला तर?

हे कल्पनेतलं नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतात, चाल मंदावते. डोपामिन थेट देऊन उपयोग नसतो, कारण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, ज्याचं मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं. नाहीतर प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्या, ज्या डोपामिनच्या रिसेप्टरवर स्वतःच जाऊन बसतात. गोची अशी, की डोपामिन फक्त हालचाली सांभाळत नाही. 'हे हवं, अजून हवं' ही ओढसुद्धा त्याच्याच खात्यात येते. प्रॅमिपेक्सोलला डी-३ नावाचा रिसेप्टर विशेष प्रिय, आणि तो नेमका ओढीशी संबंध असलेल्या भागात दाट असतो.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांची हकीकत छापली. उपचार चालू असताना त्यांना जुगाराचं वेड लागलं होतं. गोळी कमी किंवा बंद केल्यावर ते ओसरल्याचंही दिसलं. २०१० मध्ये ३,०९० रुग्णांचा अभ्यास आला. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांपैकी कशाची तरी आवरता न येणारी ओढ होती. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ६.९ टक्के.

बाबांना ही गोळी सुरू करताना डॉक्टरांनी आईला विचारलं, "हे मोबाईलवर पैसे लावून खेळ वगैरे खेळत नाहीत ना? पुढेही लक्ष ठेवा." आई दुखावली. "डॉक्टर, यांनी जन्मात पत्त्यांना हात लावला नाही. रोज हरिपाठ म्हणतात." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर फरक पडला की तुम्हाला लगेच कळेल."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी जुगार खेळत नाही, यात माझे संस्कार किती आणि धड चाललेलं डोपामिन किती? वेगळं काढून दाखवता येईल का? मला नाही येत. पण त्यामुळे कुणाला 'वाया गेला' म्हणताना आता जीभ अडखळते.

ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, "म्हणजे सगळं केमिकलच, तुझी गीता कशाला?" हेही मला पटत नाही. तीच गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना असं काही होत नाही. गोळी दार ढकलते, पण प्रत्येक घराचं दार उघडत नाही. का, हे गोळीवरून कळत नाही.

मला जास्त अस्वस्थ करतो तो ४० वा श्लोक. कामाची राहण्याची ठिकाणं म्हणून तिथे इंद्रियं आणि मन तर येतातच, बुद्धीसुद्धा येते. मी तो बरीच वर्षं नुसता वाचून पुढे जात होतो. या रुग्णांतल्या कित्येकांना आपलं काही चुकतंय असं वाटतच नाही, ते घरच्यांना दिसतं. ज्या बुद्धीने तपासायचं तीच फितूर झालेली असते. आमच्या धंद्यात स्वतःचा कोड स्वतःच पास करू देत नाहीत, ते यासाठीच.

बाबांची गोळी चालू आहे (ती मनाने एकदम बंद करायची नसते, त्याचा वेगळा त्रास होतो, डॉक्टरांनाच विचारायचं). हरिपाठही चालू आहे. बँकेचे मेसेज आईच्या मोबाईलवर यावेत अशी सोय बाबांनी स्वतःच करून घेतली. आईला आधी ते आवडलं नव्हतं. आता ती दर शुक्रवारी ते मोठ्याने वाचून दाखवते, आणि बाबा विजेच्या बिलावर कुरकुरतात.