परंपरेतली मधली कडी

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १ ते ४

चौथ्या अध्यायाची सुरुवात भगवंत एका जुन्या हकिगतीने करतात. हा योग मी आधी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला. त्याने आपल्या मुलाला, मनूला सांगितला. मनूने इक्ष्वाकूला. असा तो राजर्षींना कळत गेला, आणि पुढे फार काळ लोटल्यावर या लोकातून नाहीसा झाला.

बरीच वर्षं मी हे श्लोक पटकन वाचून पुढे जायचो. नावांची यादी तर आहे, असं वाटायचं. या वेळी मात्र 'नाहीसा झाला' इथे अडकलो. सांगणारे प्रत्यक्ष भगवंत, ऐकणारा सूर्य, तरीही ते ज्ञान हरवलं! म्हणजे ज्ञान खरं असून भागत नाही. ते टिकायचं तर प्रत्येक पिढीत कुणीतरी सांगावं लागतं आणि कुणीतरी विचारावं लागतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ. लहानपणी मीही शेजारी बसायचो. हात चुकला की दादा म्हणायचे, "ठेव, मी वाजवतो. सगळ्यांचा खोळंबा होतो." त्यांचंही खरंच होतं, टाळकरी थांबलेले असायचे. पण मी उठलो तो उठलोच. पुढे बारावी, इंजिनीअरिंग, पुणे. तीन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला आणि पखवाज खोळीत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की हे आता आपल्या घरातून गेलं. मधली कडी मी होतो.

आणि मी तरी वेगळं काय करतो? ऑफिसमध्ये एक जुना कोड आहे, तो फक्त मलाच नीट कळतो. टीममध्ये नवीन आलेली मुलगी त्यातलं काही विचारायला आली, की मी कीबोर्ड ओढून घेतो. "ठेव, मी करतो. उद्या रिलीज आहे." वेळ नसतो, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं सांगायला लाज वाटते. हे फक्त मलाच येतं, याचं मला आतून बरं वाटतं.

भगवंतांकडे तरी वेळ कुठे होता? दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. तरी ते सांगत बसले. का, तेही सांगितलं : तू माझा भक्त आहेस, सखा आहेस. आणि लगेच चौथ्या श्लोकात अर्जुन शंका काढतो. तुझा जन्म आत्ताचा, सूर्याचा कितीतरी आधीचा, मग तू त्याला सांगितलंस हे मी समजू कसं? आपण असतो तर म्हणालो असतो, "आधी ऐक तर!" भगवंत चिडत नाहीत. उलट अवताराचं सगळं रहस्य त्या एका प्रश्नातून उलगडतं. अर्जुनाने विचारलं नसतं तर आपल्याला ते मिळालं असतं का?

माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला हीच गीता मराठीत सांगितली, आणि शेवटी आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा नावानिशी सांगितली. मला मिळालं ते पुढे दिलं, एवढाच भाव. त्यात 'फक्त मलाच येतं' याला जागाच नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने खोळ काढली आणि विचारलं, "आजोबा, याला एका बाजूला कणीक का लावतात?" दादांची जीभ अजून जड आहे. तरी ते सांगू लागले. कणकेने चामडं जड होतं, मग आवाज खोल येतो. कमी-जास्त लावून स्वर जमवायचा, वाजवून झालं की खरवडून काढायची. मग उजव्या हाताने मांडीवर बोल वाजवून दाखवले. पोराचा हात चुकला. मी नकळत पुढे झालो, तर दादा म्हणाले, "चुकू दे त्याला."

रात्री म्हणाले, "तुला हे कधी सांगितलंच नाही मी."

"मीही कधी विचारलं नाही, दादा."

आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा वर्ग असतो. शिकणारे दोघे आहेत. माझा हात मुलापेक्षा जास्त चुकतो.

भगवंतांनी शेवटी, अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हटलं, की याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. शिकवून झालं की हात सोडायचा, हेही शिकवण्यातच आलं.

आजचा छोटासा संकल्प : फक्त आपल्यालाच येतं असं एक काम आठवू या. आज ते कुणाच्या तरी हातात देऊ या, आणि तो चुकला तरी परत ओढून घ्यायचं नाही. मी उद्या ऑफिसमध्ये त्या मुलीच्या शेजारी बसणार आहे. कीबोर्ड तिच्याकडेच राहील.

राम कृष्ण हरि.