पत्र्याची मोटार आणि लाकडी नंदी
जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे 1881 साली सुरू झालेल्या लेहमान कारखान्याच्या मोटारी, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर आधी रंगीत छपाई करून, मग तो साच्यात दाबून आणि किल्लीची कमान बसवून घडवलेली खेळणी, आणि वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले ओढत नेतात तो चाकांचा लाकडी नंदी, यांच्याबाबत प्रश्न एकच आहे: खोटे आहे हे ठाऊक असूनही ते खरे मानणे, ही भ्रांती म्हणावी काय? न्यायशास्त्र याला ‘आहार्य’ ज्ञान म्हणते, म्हणजे विपरीत निश्चय असताना इच्छेने केलेला आरोप. दोरीला साप समजून दचकणारा फसलेला असतो, नंदीला ओवाळणारे मूल मात्र फसलेले नसते. पत्र्याची मोटार पूजेला बसत नाही, हा भेद खरा; पण तो वस्तूचा नसून भावाचा आहे. भावाने मानण्याची हीच गोष्ट खेळण्यापलीकडे, माणसाने स्वतःला काय मानावे इथेही दिसते: लेहमान कारखाना सुरू झाला त्याच 1881 साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, बालपणीच दृष्टी गमावलेले गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या व कृष्णपत्नी मानत, आणि अद्वैत व मधुराभक्ती यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या मताला मधुराद्वैत असे नाव आहे.