द्राक्षमळा आणि यंत्रमाग

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोजावर मजूर ठरवतो. मग दिवसभर पुन्हा पुन्हा जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असतानाही जे उभे असतील त्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हाती सारखीच मजुरी पडते आणि उन्हात राबलेले कुरकुर करतात. या उताऱ्यावरचे उपदेश बहुधा एकाच वाटेने जातात: देवाच्या कृपेला हिशेब नसतो, आयुष्याच्या शेवटी वळलेल्यालाही तारण आहे. हा अर्थ खराच आहे, पण भिवंडीत तो अपुरा पडतो.

इथे माग चालवणाऱ्याला बहुधा विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते. सूत महागलं किंवा कापडाला उठाव नसला की माग थांबतो आणि कमाईही थांबते. अशा माणसाच्या कानावर दाखल्यातलं दुसरंच वाक्य पडतं. मालक शेवटच्या मजुरांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते सांगतात, आम्हांला कोणी कामावर लावलंच नाही. म्हणजे ते आळशी नव्हते. आणि काम तासभराचं मिळालं तरी घरी पीठ पूर्ण दिवसाचं लागतं. उपदेशात कृपा म्हणून जे ऐकलं, त्याला इथे भाकरीचं वजन येतं.

मराठीत पवित्र शास्त्राचा अर्थ असा हळूहळू जगण्यापर्यंत आला आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. ख्रिस्तकथा ओवीत आली, इथल्या माणसाच्या कानाला आपली वाटू लागली. बाबा पदमनजींनी 1857 च्या ‘यमुनापर्यटना’त विधवांची दुःखं मांडली आणि श्रद्धेला थेट घराच्या माजघरात उभं केलं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. साध्या बाईला ते वाचता यावं, ही त्यांची तळमळ होती. ते छापायचं कामही केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी केलं. ज्या बायकांना समाजाने दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांच्याच हातून ते पुस्तक बाहेर पडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण या वाटेवर सगळ्यांत पुढे गेले ते नारायण वामन टिळक. त्यांच्या बालपणाची काही वर्षं भिवंडीशेजारच्या कल्याणातच गेली. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अभंग लिहिले, कीर्तनं केली. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांत टिळक गेले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. तरी त्यातला विचार मला आजही पुढचा वाटतो. आधी नीट समजून घ्या आणि मग आत या, अशी अट त्यांनी घातली नाही. आत आलेल्या माणसाबरोबर समजही वाढते, असा त्यांचा भरवसा असावा.

तो भरवसा मला पटतो, कारण अगत्य उपासनेच्या दाराशी संपत नाही. परगावाहून आलेला, मराठी अडखळत बोलणारा, मंडळीत अजून नाव न नोंदवलेला माणूस उताऱ्यात जे पाहतो, ते चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या आमच्यासारख्यांच्या नजरेतून निसटतं. त्याला चहा देऊन मागच्या बाकावर बसवलं, तर नुकसान आमचंच आहे.

दाखल्यातला मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी शेवटच्यांपासून द्यायला लाग. आमच्या घरसभांमध्ये उताऱ्यावर आधी जुने सभासद बोलतात, आणि नवख्याची पाळी येईपर्यंत समारोपाच्या प्रार्थनेची वेळ होते. हा क्रम आता उलटा करायला हवा.