नियमाचे अक्षर आणि विवेकाचा आवाज

दिलेले वचनच संदिग्ध असेल, तर ते पाळले की मोडले याचा निवाडा कोणी करावा? व्यवहारात संदिग्धता बहुधा बलवानाच्या पथ्यावर पडते. कारण शब्दांचा कीस काढणारे वकील त्याच्याच पदरी असतात. म्हणून आर्थिक नियम संगणकाच्या भाषेत लिहावेत, हा विचार केवळ तंत्रज्ञांवर सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अमेरिकेत हा विचार एकदा कायद्याच्या उंबरठ्यापर्यंत आला होता. २००७-०८ च्या आर्थिक अरिष्टापूर्वी तेथे हजारो गृहकर्जांची मोट बांधून तिच्या आधारावर रोखे विकले गेले. कर्जदारांच्या हप्त्यांचा पैसा रोखेधारकांत ठरलेल्या क्रमाने वाटला जाई. पाटाचे पाणी आधी वरच्या वाफ्यांना मिळते आणि ते आटले की शेवटचे वाफे प्रथम कोरडे पडतात, तसाच हा प्रकार. मात्र कोणाचा वाफा कितवा आणि पाणी केव्हा कोठे वळवायचे, याच्या अटी शेकडो पानांच्या दस्तऐवजांत विखुरलेल्या असत. त्यांवरून हिशेब मांडणे मोठमोठ्या संस्थांनाही अवघड जाई.

एप्रिल २०१० मध्ये तेथील सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने प्रस्ताव मांडला, की रोखे काढणाऱ्यांनी वाटपाचे हे नियम ‘पायथन’ या संगणकभाषेतील प्रोग्रॅमच्या रूपानेही दाखल करावेत. इतके कर्जदार थकले तर माझ्या पदरात काय पडेल, हे मग गुंतवणूकदाराला स्वतःच पडताळता आले असते. ऑगस्ट २०१४ मध्ये अंतिम नियम संमत झाले. त्यांत कर्जांची तपशीलवार माहिती देण्याचे बंधन आले, प्रोग्रॅमची अट मात्र आली नाही.

त्या प्रस्तावात एक नैतिक तथ्य होते, असे आम्हांस वाटते. आपल्या होकाराचा अर्थ होकारच असावा, ही प्रभू येशूची शिकवण आहे. ‘यथोचित’, ‘शक्यतोवर’ अशा मोघम शब्दांआड प्रोग्रॅमला दडता येत नाही. ज्याला वचन दिले त्याला ते तपासता यावे, हा न्यायाचाच भाग आहे.

परंतु स्पष्टता म्हणजे संपूर्ण न्याय नव्हे. २०१६ साली ‘द डीएओ’ नावाचा एक गुंतवणूक निधी इथेरियम या संगणकीय जाळ्यावर उभा राहिला. त्याच्या अटींनुसार प्रोग्रॅमचा शब्द अखेरचा होता. जूनमध्ये कोणीतरी प्रोग्रॅममधील एका उणिवेचा लाभ उठवून सुमारे ३६ लाख इथर वळवून घेतले. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्यात नियमभंग नव्हता! तरीही जुलैमध्ये बहुसंख्यांनी नोंदवहीच बदलून पैसे परत मिळण्याची वाट करून दिली. काहींनी लिहिलेले बदलण्यास नकार देऊन जुनी नोंदवही चालू ठेवली. त्यांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. बहुसंख्यांच्या इच्छेने नियम फिरू लागले, तर वचनाला अर्थ काय उरला?

संत थॉमस अक्वायनस यांनी हा पेच सातशे वर्षांपूर्वीच हाताळला आहे. ठेव मालकाला परत करावी, हा नियम योग्यच. पण वेडाच्या भरात असलेला माणूस आपली तलवार परत मागू लागला, तर ती देणे अनर्थकारक ठरेल. नियम करणाऱ्याला प्रत्येक प्रसंग आधी दिसत नाही. अशा वेळी अक्षर बाजूस ठेवून नियमाचा हेतू पाळणे, हा संतांच्या मते सद्गुण आहे. ॲरिस्टॉटलचा शब्द घेऊन ते त्याला ‘एपिकेया’ म्हणतात. ही मनमानी नव्हे. ती न्यायाचीच एक बाजू आहे.

तेव्हा नियम प्रोग्रॅममध्ये अवश्य लिहावेत. पण त्याच्या शेजारी नियमाचा हेतू साध्या भाषेत लिहिलेला असावा, आणि दोहोंत विसंगती आढळली तर उत्तर देणारा माणूस नेमलेला असावा. संगणकाने नाकारले, एवढे उत्तर दारात उभ्या असलेल्या गरजूला पुरेसे नाही. आपल्या पतसंस्थांत कर्जाच्या कागदावर सही घेणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. हिशेब यंत्राकडे सोपवता येतो. त्याची जबाबदारी देवापुढे व शेजाऱ्यापुढे आपलीच राहते.