तुझा भाऊ कोठे आहे?



आमच्या गोविंदपुऱ्यात राहणाऱ्यांना २ फेब्रुवारी २०१७ हा दिवस सहसा विसरता येणार नाही. त्या दिवशी गोविंदपुरा पोलीस ठाण्याच्या हद्दीतील साकेत नगरातल्या एका घरात पोलिसांनी सिमेंटचा चबुतरा फोडला, आणि त्यात लोखंडी पेटीत एका तरुणीचे प्रेत सापडले. ती पश्चिम बंगालमधील बांकुड्याच्या एका सभ्य कुटुंबातील मुलगी. अमेरिकेत नोकरी लागली असे सांगून ती घरून निघाली होती. तिचा घात करणाऱ्यानेच पुढे कित्येक महिने तिच्या फोनवरून तिच्या घरी निरोप पाठविले, आणि घरची माणसे ते तिचेच समजून वाचीत राहिली. त्याच माणसाने आपल्या आईवडिलांनाही रायपूरच्या घरी मारून पुरले होते, हे नंतर उघडकीस आले. २०२० साली बांकुड्याच्या न्यायालयाने त्या तरुणीच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप दिली.

त्या दिवसांत पिपलानीच्या बाजारात, भेलच्या कारखान्याच्या दारात, किंबहुना आमच्या उपासनेनंतरच्या चहाच्या वेळीही एकच विषय होता : तो माणूस कसा होता, काय खात होता, कसा हसत होता. परंतु त्या मुलीच्या आईची विचारपूस कोणी केल्याचे मला आठवत नाही. मीही केली नाही. म्हणून या लेखात मी त्या खुन्याचे नाव लिहीत नाही. त्याचे नाव पुष्कळांना पाठ आहे.

पवित्र शास्त्रातील पहिल्या खुनाची हकीकत आपण सर्व जाणतो. तेथे खुनानंतर देवाने काइनाला पहिला प्रश्न विचारला तो हाबेलाविषयी. तुझा भाऊ कोठे आहे, असे त्याने विचारले. आणि भूमीतून येणारा रक्ताचा आक्रोश आपण ऐकला आहे असे सांगितले. तू असे का केलेस, तुझा स्वभाव कसा बनला, हे त्याने विचारले नाही. देवाचे लक्ष आधी ज्याचा जीव गेला त्याच्याकडे गेले. आपले लक्ष मात्र उलट दिशेने जाते.

एका माणसावर वार होतो तेव्हा घाव एकालाच लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ साली गुन्ह्याला बळी पडलेल्यांविषयी जो जाहीरनामा केला, त्यात बळी पडलेल्याच्या जवळच्या कुटुंबीयांनाही त्याच व्याख्येत धरले आहे. परंतु ज्याने असे घर जवळून पाहिले आहे त्याला हे जाहीरनाम्यावाचूनही कळते. दारावर थाप पडली की बापाचा चेहरा पांढरा पडतो. आई रात्री उठून दिवे लावून बसते. धाकटी भावंडे शाळेत गप्प होतात. "मी त्या दिवशी त्याला जाऊच दिले नसते तर," हा विचार घरातील प्रत्येकाला वेगवेगळा छळतो, आणि कोणी तो दुसऱ्यापाशी बोलत नाही. साकेत नगरच्या प्रकरणात तर घाव मागच्या दिवसांपर्यंत पोहोचला. "मी बरी आहे" असा जो जो निरोप वाचून त्या घराने सुटकेचा श्वास सोडला असेल, तो तो निरोप त्यांना पुन्हा आठवावा लागला असेल. जे समाधान होते त्याचेच विष झाले.

पुढे लोक येतात. सांत्वनाला येतात, पण प्रश्न विचारतात. ती एवढ्या लांब गेलीच कशाला? त्याची संगत कशी होती? घरात काही बोलणे झाले होते का? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. त्याला भीती वाटत असते. त्यांच्या हातून काही तरी चूक झाली असेल, तर ती चूक न करणाऱ्या आपल्या घरावर असे संकट येणार नाही, असा धीर त्याला हवा असतो. परंतु त्याच्या धीराची किंमत त्या आईला द्यावी लागते. दाविदाची कन्या तामार हिच्यावर अत्याचार झाला तेव्हा तिच्या सख्ख्या भावाने तिला गप्प राहा, मनाला लावून घेऊ नको असे सांगितले. बाप संतापला, पण त्याने केले काहीच नाही. आणि ती भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. तिला गप्प करणारा तिच्यावर प्रेम करणारा होता, हे आपण विसरू नये.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरातील तरुण मुलगा क्षुल्लक भांडणात सुऱ्याने मारला गेला. चौथ्या दिवशी घरी प्रार्थनासभा होती, आणि संदेश देण्याचे काम माझ्याकडे होते. मी स्तेफनाच्या मरणावर बोललो. मरतानाही त्याने दगड मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तसे आपणही क्षमा करू या, असे मी मोठ्या आवेशाने सांगितले. सभा संपल्यावर त्या मुलाची आई माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तो माझ्याकडे आलाच नाही क्षमा मागायला. मग तुम्ही कुणाच्या वतीनं मागताय?"

मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर वर्षभर त्या बाई उपासनेला आल्या नाहीत. त्यांचे मन कठीण झाले आहे, असे मी दोघातिघांपाशी बोललोही. कठीण कोणाचे झाले होते, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. ज्याच्यावर वार झालेला नाही त्याने, ज्याच्यावर झाला आहे त्याच्याकडे क्षमेची मागणी करावी काय?

कोणी म्हणेल, प्रभूनेच क्षमेची आज्ञा दिली आहे. खरे आहे, आणि ती आज्ञा मी एका अक्षराने कमी करू इच्छीत नाही. पण किती वेळा क्षमा करावी असे पेत्राने विचारले ते स्वतःच्या अपराध्याविषयी. वधस्तंभावर प्रभूने प्रार्थना केली ती स्वतःला खिळणाऱ्यांसाठी. स्तेफनाने मागितली तीही स्वतःच्या मारेकऱ्यांसाठी. जी आज्ञा मला दिली आहे ती मी पाळावी. तिचा चाबूक करून दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर मारण्याची परवानगी मला कोणी दिली?

आमच्याच मध्य प्रदेशातील एक गोष्ट पाहा. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात गरीब शेतमजुरांमध्ये काम करणाऱ्या राणी मारिया या कॅथोलिक भगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, सुऱ्याचे वार करून हत्या झाली. मारेकरी समंदरसिंग याला शिक्षा झाली. २००२ साली राणी मारियांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. २००६ साली तो सुटला. ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सांगतो आणि सांगावीच. परंतु सांगताना दोन गोष्टी गाळू नयेत. राखी बांधणारी ही खुद्द मेलेलीची बहीण होती, शेजारचा उपदेशक नव्हता. आणि खुनानंतर त्या राखीपर्यंत सात वर्षे गेली होती. तसेच ओरिसात १९९९ च्या जानेवारीत पती ग्रॅहम स्टेन्स आणि दोन मुलगे जाळून मारले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. ते दान होते. त्या दानाची पट्टी करून प्रत्येक विधवेला मोजू लागलो, तर दानाचे दानपण जाते आणि विधवेच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढते.

मग द्वेष वाढू द्यायचा काय? मुळीच नाही. पण माझा अनुभव असा की द्वेष एकटेपणात वाढतो. ज्याला रडायला, ओरडायला, देवाशी भांडायला जागा मिळते त्याचा द्वेष हळूहळू सैल होतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शिवाय न्यायालयात खरी साक्ष देणे म्हणजे द्वेष नव्हे. समंदरसिंगाला राखी बांधली गेली ती तुरुंगात, हेही ध्यानात ठेवावे.

तर मग आपण काय करावे? चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की ती एका गुन्ह्याची गोष्ट आहे, हेच आपल्या लक्षात येत नाही. यरीहोच्या वाटेवर मारहाण झाली, लूट झाली, मनुष्य अर्धमेला पडला. शोमरोन्याने लुटारूंविषयी काही विचारले नाही, जखमीला उपदेशही केला नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, पैसे दिले, आणि परत येतो म्हणून सांगितले. या शेवटच्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. पहिल्या आठवड्यात सारेच जातात. परत कोण येतो?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी अरुणा शानबाग या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी गळ्याला आवळून अत्याचार केला. त्यांचे लग्न ठरलेले होते. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून मोकळा झाला. अरुणाताई मात्र वॉर्ड नंबर चारच्या एका खोलीत राहिल्या, १८ मे २०१५ रोजी देवाज्ञा होईपर्यंत. बेचाळीस वर्षे! या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना चालताबोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनी कधीच पाहिले नव्हते त्यांनी त्यांना भरविले, धुतले, कुशीवर वळविले. त्यांना तेथून हलविण्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा परिचारिकांनी काम बंद केले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क या सेवकवर्गाचाच आहे असे मानले. त्यांचा जीव तसा चालू राहावा की नाही, यावर शहाण्या माणसांत मतभेद झाले. तो वाद मी येथे सोडवीत नाही. त्या सेवेने गुन्हा पुसला गेला असेही मी म्हणत नाही. परंतु उतारशाळा म्हणजे काय हे मला त्या खोलीवरून कळते.

आपल्या मंडळ्यांना बेचाळीस वर्षे नाही, पण पुढील एवढे तर करता येईल. अशा घरी गेल्यावर हकीकत विचारू नये. सांगितली तर ऐकावी. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते, बोलू लागल्यावर बिघडले. तारखेच्या दिवशी एकाने तरी त्यांच्याबरोबर न्यायालयात जाऊन बसावे, कारण आरोपीच्या माणसांसमोर बाकावर एकटे बसणे फार कठीण असते. कायद्याने दिलेला आधार त्यांना ठाऊक करून द्यावा. बळी पडलेल्यांना व त्यांच्या वारसांना शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूद २००९ च्या अखेरीपासून अंमलात आहे, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळविणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. दुःखातल्या माणसाला अर्ज लिहिण्याचे बळ नसते. ते काम आपण करावे. आणि वर्ष फिरून तो दिवस येईल तेव्हा त्या घरी जावे, व गेलेल्याचे नाव मोठ्याने घ्यावे.

मीही त्या आईकडे पुन्हा गेलो. या वेळी शास्त्र उघडले नाही. "तुमच्या मुलाविषयी सांगा," एवढेच म्हणालो. त्यांनी कपाटातून त्याची शाळेतली वही काढली, आणि संध्याकाळ होईपर्यंत त्या बोलत होत्या. तो कसा उशिरा उठायचा, भाकरीबरोबर लोणचे कसे मागायचा, हे सारे सांगितले. मारेकऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आता त्या उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात. त्यांनी क्षमा केली की नाही हे मला ठाऊक नाही. ते त्या आणि देव यांच्यामधले आहे. मला विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे, आणि तो काइनाला विचारलेलाच आहे.