वाचवलेला वेळ कोणासाठी?

कामे तातडी आणि महत्त्व पाहून चार चौकटींत वाटावीत, एका कामाला सलग 25 मिनिटे द्यावीत आणि मग थोडे थांबावे, दिवसाची यादी सकाळीच करावी. वेळेच्या नियोजनाच्या या युक्त्या उपयोगी आहेत. पांगलेले मन त्यांनी ठिकाणावर येते. प्रश्न त्यापुढचा आहे. आयुष्यात सर्वांत मोलाचे काय ते ठरवले, त्याला वेळापत्रकात जागा दिली, म्हणजे आपण त्याच्याशी प्रामाणिक राहिलो का? माझ्या मते, तेवढ्याने भागत नाही. धर्म ज्याला कर्तव्य म्हणतो, ते पुष्कळदा आगाऊ न कळवता दारात येऊन उभे राहते.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना छोटेसे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले गेले. निम्म्यांचा विषय होता बायबलमधील भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून घेणाऱ्याची. सगळ्याच विद्यार्थ्यांच्या वाटेवर एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले; उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांपैकी फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर मनुष्यस्वभावाचा सिद्धांत उभारता येणार नाही. पण करुणा मोलाची आहे हे ठाऊक असणे आणि करुणेला सवड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून नक्की दिसते.

यावर कोणी म्हणेल, हा दोष घाईचा आहे. नियोजन तर घाई टाळण्यासाठीच असते. स्टीफन कव्ही यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात सात सवयी सांगताना ध्येय ठरवण्याची सवय दुसरी आणि वेळेच्या वाटणीची तिसरी ठेवली. हा क्रम रास्त आहे. तरीही ध्येय ठरलेल्या माणसाचा दिवस काठोकाठ भरलेला असू शकतो, आणि मग त्याला प्रत्येक अनपेक्षित माणूस अडथळा वाटू लागतो. वाचलेल्या तासात आपण दुसरे काम घालत राहिलो, तर तंत्र कितीही चांगले असले तरी घाई तेवढीच राहते.

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येईल. एक क्षणही वाया घालवू नये, असे समर्थ रामदासांनी दासबोधात बजावले आहे. मग मोकळा वेळ ठेवणे म्हणजे आळसच नव्हे का? पण ज्या समासात ही शिकवण आहे, त्याच समासातील दिनचर्येत वाचन आहे, चर्चा आहे, एकांतात ग्रंथांचे मननही आहे. कामाच्या रगाड्यात हे विवेकाचे क्षण हरवू नयेत म्हणूनच तिथे शिस्त आहे. आणि काही गोष्टींना नकार देणे हाही या विवेकाचाच भाग आहे. कठोपनिषदातील नचिकेता या मुलाला मृत्युदेव यमाने दीर्घायुष्य, संपत्ती, भोग देऊ केले. त्याने सारे नाकारले आणि मृत्यूनंतर काय, या आपल्या प्रश्नाला तो धरून राहिला. श्रेयाची, म्हणजे खऱ्या हिताची, निवड अशी नाकारण्यातूनही होते.

ज्यांच्या वेळेवर मालकाचा ताबा आहे, त्यांना हा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. दोन पाळ्यांत राबणाऱ्याला सवड मिळत नाही, यात त्याचा अपराध नाही. ती त्याला मिळवून देणे हे इतरांचे कर्तव्य आहे. पण ज्यांच्या हाती दिवसाचा थोडा तरी भाग आहे, त्यांनी तंत्रे जरूर वापरावीत आणि त्यातून वाचलेल्या वेळातला काही वेळ मुद्दाम कोणत्याही कामाच्या नावावर लिहू नये. न बोलावता येणाऱ्या माणसासाठी तो राखून ठेवावा.