पोटातला वैश्वानर

आमच्या सासूबाई जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतात. वीसच श्लोक, वरणाची वाफ जायच्या आत संपतो. लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून मलाही पाठ झालाय. त्यात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि चारी प्रकारचं अन्न मीच पचवतो. हरिहरेश्वरच्या घरगुती खानावळीत हा श्लोक आला तेव्हा माझ्या पानात उकडीचा मोदक होता, त्यावर नुकतंच तूप सोडलेलं. त्या तुपाच्या वासाने मी तोंडावर ओढणी धरून मागच्या अंगणात पळाले. चूळ भरताना मनात आलं, पचवणारा तो, तर मग हे परत धाडणारं कोण?

चेष्टा म्हणून विचारत नाही. मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. विधान कुठे अडतं ते बघायची सवयच लागून गेलीये.

दिवाळीच्या सुट्टीतली ही सहल आधीच ठरली होती, आणि मध्येच दिवस राहिल्याचं कळलं. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कुणाला बोलायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. डॉक्सिलामिन आणि बी-६ची गोळी दिली, पोट रिकामं ठेवू नका म्हणाल्या. पर्समध्ये कुरमुरे, आलेपाक, हुंगायला लिंबू आणि पिशव्या. एवढ्या तयारीनिशी आम्ही ताम्हिणी घाट उतरायला लागलो.

रविवारी मी वेदान्ताच्या वर्गाला जाते. तिथे शिकवतात, जे दिसतं ते पाहणाऱ्याहून वेगळं. डोळ्याला रूप दिसतं, मनाला डोळा कळतो, मनाच्या हालचालीही कुणाला तरी कळतात. तो साक्षी, तोच तू. ही युक्ती मी दाढदुखीवर करून पाहिली होती आणि ती चक्क चालली. दाढ तिथे, ठणका तिथे, मी इथे. दुखण्याला जागा असते, म्हणून त्याच्यापासून बाजूला सरकता येतं.

मळमळीला जागाच नाही. ती पोटात म्हणावी तर घशात असते, घशात म्हणावी तर कानांमागे, आणि ताम्हिणीत तर समोरच्या हिरव्या रंगातसुद्धा होती. बाजूला सरकून बघावं म्हटलं, तर बघणाराच ढवळून निघालेला. नवरा गाडी चालवता चालवता म्हणत होता, "लांब बघ, रस्त्याच्या टोकाला बघ." त्याचं म्हणणं बरोबर होतं. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय, गाडीच्या आतलं बघणारे डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे. दोघांचं पटत नाही म्हणून पोट उठतं. पुढच्या सीटवरून दूरवर नजर ठेवली की भांडण जरा मिटतं. त्या दिवशी जमलेला साक्षीभाव एवढाच.

वेदान्ती यावर म्हणतील, 'मळमळतंय' हे ज्याला कळलं तो तर कोराच राहिला ना! राहिला असेल. पण कुठल्याच अनुभवाने ज्या विधानाला धक्का लागू शकत नाही, त्याचा त्या अनुभवात असलेल्या माणसाला उपयोग काय, हे मला आमच्या वर्गाच्या शास्त्रीबुवांना विचारायचंय.

त्यापेक्षा दुसरा अध्याय मला परवडतो. इंद्रियांचे स्पर्श येतात नि जातात, ते सोस, एवढंच तिथे म्हटलंय. लांब उभी राहा, असा आग्रह नाही. आणि हे सांगितलंय कुणाला? ज्याच्या तोंडाला कोरड पडलीये, अंगाची आग होतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय, अशा माणसाला. पहिल्या अध्यायातली अर्जुनाची ही तक्रार मी वर्षानुवर्षं 'विषाद' म्हणून वाचत आले. आता वाचताना वाटतं, याला आधी कुणी तरी बसायला द्यायला हवं होतं.

सासूबाईंचं तत्त्वज्ञान वेगळं. माझी पाठ चोळत त्या म्हणाल्या, "ज्याचे भोग त्याने भोगायचे गं, आम्हीही काढलं." प्रेमानेच म्हणाल्या. पण भोग नक्की कुणाचे? २०२३च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं. केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली आणि अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांच्या गटाने दाखवलं की या मळमळीमागे जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक मोठं कारण आहे. गरोदरपणात ते आईच्या रक्तात येतं ते मुख्यतः गर्भाच्या, वारेच्या बाजूने. आणि काम करतं आईच्या मेंदूच्या मागच्या भागावर. ज्यांच्या रक्तात ते आधीपासून कमी, त्यांना त्रास जास्त. बीटा थॅलेसेमियाच्या ज्या बायकांना ते कायमच जास्त असतं, त्यांना मळमळ फारशी होत नाही. म्हणजे पाठवणारा एक, सोसणारी दुसरी, आणि ती किती सोसणार हे ठरतं तिच्या जुन्या शरीरावर.

कर्मसिद्धान्तात एका जिवाचं एक खातं असतं. हे संयुक्त खातं कुठल्या वहीत मांडायचं? चरकसंहितेला ही अडचण दिसलेली असावी. उलटी, तोंडाला सुटणारं पाणी, आंबटाची ओढ ही गर्भाची लक्षणं तिथे दिली आहेतच, शिवाय आईची इच्छा ही पोटातल्या जिवाचीही इच्छा, म्हणून ती डावलू नये, असंही सांगितलंय. मुलाच्या इच्छा तिच्या तोंडून, असा हिशेब. मग नकारही त्याचाच का नसावा?

काही जीवशास्त्रज्ञ म्हणतात, ही मळमळ गर्भाला घातक अन्नापासून वाचवते. कल्पना आकर्षक आहे. तसं असेल तर परत धाडणं हेही वैश्वानराचंच काम ठरतं आणि माझा प्रश्न सुटतो. पण जिला पाणीही टिकत नाही, जिला सलाईनसाठी दाखल करावं लागतं, तिच्या पोटातला अग्नी कुणाचं रक्षण करतो? प्रत्येक यातनेला लगेच हेतू चिकटवायची घाई मला देवळातही आवडत नाही आणि प्रयोगशाळेतही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगरावरून जाते, मग दोन कड्यांमधल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. मी गेले नाही, काळभैरवाच्या देवळापाशी आलेपाक चघळत बसले. सासूबाई घामाघूम होऊन परतल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वाटची पण घातली."

"आई, प्रदक्षिणा दुसऱ्याच्या नावे घालता येते, मग मळमळ का नाही घेता येत?"

"घेतली असती की," त्या पटकन म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "पण तेव्हा मला कुठे कुणी विचारलं होतं!"

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडताना डिझेलचा वास आणि कुठून तरी सुकटीचा वास एकत्र आला. मी कठड्याला धरून उभी राहिले, पलीकडच्या वेसवीच्या धक्क्यावर डोळे लावून. उतरले आणि एकाएकी सडकून भूक लागली. टपरीवर गरम भजी तळत होते. सासूबाई म्हणाल्या, बाळाने मागितलं. नवरा म्हणाला, गोळी लागू पडली. मी दोन प्लेट सांगितल्या, आणि त्या दोन्ही माझ्या आहेत हेही सांगितलं.